बिघाड छपरावर, कारण खांबाशी

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरणाऱ्या गृहस्थाला लावतो आणि ती लावताना आपल्या स्वरात थोडी कीव असते. अमेरिकेत मात्र असंख्य माणसे हे बिऱ्हाड हौसेने पाठीवर घेतात. स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, पलंग, न्हाणीघर, सारे काही एका लांबलचक मोटारीत किंवा मोटारीमागे जोडलेल्या डब्यात बसवलेले असते. तिकडे या वाहनाला ‘आरव्ही’ म्हणतात. सुटीत आठ दिवस ते भाड्याने घेणारी कुटुंबे आहेत, तशीच राहते घर विकून वर्षानुवर्षे चाकांवरच संसार करणारी निवृत्त जोडपीही आहेत.

या संसारात एक उणे असते. भिंती पातळ, छप्पर उघड्या उन्हात. वाळवंटी मुलखात भर दुपारी उभे केलेले असे घर म्हणजे तापत ठेवलेली पत्र्याची पेटीच. म्हणून त्याच्या डोक्यावर एक वातानुकूलन यंत्र बसवतात. लांबून पाहिले तर कुणीतरी छपरावर प्रवासाची बॅग उपडी घालून विसरले आहे असे वाटते. ते चालू आहे तोवर त्याच्याकडे कुणी मान वर करून पाहत नाही. बंद पडले की घरातली सगळी मंडळी वर पाहू लागतात. आणि माझ्या मते गोंधळ तेथेच सुरू होतो.

माझा विषय मराठी. व्होल्ट आणि अँपियर यांच्याशी माझा संबंध विजेच्या बिलापुरता. तरीही मी या यंत्राविषयी लिहायला बसलो आहे, कारण ते बंद पडल्यावर काय करावे आणि काय करू नये हे मला एका जाणत्या माणसाने समोर उभे करून दाखवले. आज आपल्यापैकी किती तरी घरांतील मुले-मुली तिकडे आहेत. आई-वडील उन्हाळ्यात त्यांच्याकडे जातात, आणि ‘एकदा आरव्हीने फिरून येऊ’ हा बेत हमखास ठरतो. त्या मंडळींना तर हे उपयोगी पडेलच. पण घरबसल्या वाचणाऱ्यालाही त्यातून काही घेता येईल.

दोन विजांचे घर

आधी या घरातली वीज समजून घेऊ. आपल्याकडे घरात २३० व्होल्टची वीज येते. अमेरिकेत साध्या उपकरणांना १२० व्होल्टची. आरव्ही मुक्कामाला थांबते त्या तळावर प्रत्येक जागेपाशी एक खांब असतो. त्यावर खटके आणि सॉकेट असतात. गाडीतून जाड केबल काढायची, खांबाला जोडायची, की घरात वीज आली. ही जोडणी बहुधा दोन प्रकारची. एक ३० अँपियरची, तीन पिनांची. तिच्यातून १२० गुणिले ३०, म्हणजे ३,६०० वॅट मिळतात. दुसरी ५० अँपियरची, चार पिनांची. तिच्यात १२० व्होल्टच्या दोन वाटा असल्यामुळे १२,००० वॅट मिळतात.

छपरावरचे यंत्र साधारणपणे ताशी १३,५०० किंवा १५,००० बीटीयूचे असते. आपल्या हिशेबाने एक टन म्हणजे १२,००० बीटीयू. तेव्हा हे सव्वा टनाच्या आसपासचे यंत्र झाले. चालताना ते १३ ते १६ अँपियर खाते. सुरू होण्याच्या क्षणी मात्र काही पट अधिक ओढते. आता ३० अँपियरच्या घरात हिशेब मांडा. यंत्राचे १५, मायक्रोवेव्हचे १३, पाणी तापवण्याच्या विजेच्या बंबाचे १२. बेरीज झाली ४०. तीस रुपये पगारात चाळीसचा खर्च! खटका पडला तर तो त्याचे कर्तव्य करीत असतो.

शिवाय या घरात दुसरीही एक वीज असते: बॅटरीची, १२ व्होल्टची. दिवे, पाण्याचा पंप आणि पुष्कळ गाड्यांत यंत्राला हुकूम देणारा भिंतीवरचा थर्मोस्टॅट या विजेवर चालतो. म्हणून कधी कधी असे होते, की खांबावर वीज व्यवस्थित आहे, छपरावरचे यंत्र धडधाकट आहे, पण बॅटरी उतरली किंवा छोटा फ्यूज जळला, आणि हुकूम देणाराच मुका झाला. थर्मोस्टॅटची काच कोरी दिसली तर छपरावर चढण्यापूर्वी हा फ्यूज पाहावा.

निडल्सची दुपार

जून २०२३ मध्ये मी आईला घेऊन लॉस एंजलिसजवळ राहणाऱ्या बहिणीकडे गेलो होतो. बहीण, मेहुणे, त्यांचा आठ वर्षांचा मुलगा, आई आणि मी असे पाच जण भाड्याच्या आरव्हीतून ग्रँड कॅन्यन पाहायला निघालो. मोहावेचे वाळवंट ओलांडून कोलोरॅडो नदीकाठच्या निडल्स या गावी पहिला मुक्काम होता. उन्हाळ्यात अमेरिकेतल्या सर्वांत तापणाऱ्या गावांत निडल्सची गणना होते. त्या दिवशी पारा १०९ अंश फॅरनहाइटवर होता, म्हणजे जवळजवळ ४३ सेल्सियस. विदर्भातल्या वाचकाला याहून अधिक सांगायला नको. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या ॲरिझोनातील फीनिक्स शहरात ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक राहिले.

दोन वाजता यंत्र लावले, तेव्हा गार वारा आला. चारच्या सुमारास वारा येत होता, पण गरम. छपरातून ‘घूंऽऽ’ असा आवाज यायचा, पाच-सात सेकंद चालायचा, मग ‘टक्’ असा आवाज होऊन थांबायचा. काही मिनिटांनी पुन्हा तेच. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी. ती एरवी उकाड्याबद्दल दहा वेळा बोलते. तेव्हा एकदम गप्प बसली होती आणि चेहरा लाल झाला होता. बहीण म्हणाली, “दादा, यंत्राचं नंतर बघू. आधी आईला इथून हलवू.” तळाच्या कचेरीत गारवा होता. तिथे तिला आणि भाच्याला नेऊन बसवले, पाणी दिले. बहिणीचे हे वाक्य मी या लेखातला पहिला नियम म्हणून देतो. बंद गाडीत उष्णता झपाट्याने चढते, आणि म्हातारे माणूस व लहान मूल ती फार वेळ सोसू शकत नाही. दुरुस्ती किती वेळ चालेल ते कुणालाच ठाऊक नसते. म्हणून आधी माणसे गारव्यात, मग यंत्र.

मेहुणे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीच्या शिडीवर चढू लागले. शेजारच्या जागेवर खुर्ची टाकून एक म्हातारबुवा बसले होते. आयुष्यभर विजेची कामे करून निवृत्त झालेले. त्यांनी हात वर करून मेहुण्यांना थांबवले आणि म्हणाले, “शिडी सगळ्यात शेवटी. आधी खांब.”

या पाच शब्दांत त्यांची सारी विद्या होती.

खांबापासून छपरापर्यंत

म्हातारबुवांनी मल्टिमीटर आणला. घरातले सारे बंद करून खांबाच्या सॉकेटवर मोजले: ११३ व्होल्ट. मग गाडी जोडून, यंत्र सुरू होण्याची धडपड करीत असताना गाडीतल्या सॉकेटवर मोजले: १००. “रिकामी बैलगाडी चढ चढते की नाही हे पाहून काय उपयोग? भरलेली चढते का ते पाहायचं,” अशा अर्थाचे काही तरी ते म्हणाले. विजेचा दाब ओझ्याखाली मोजायचा, ही गोष्ट पुस्तकी ज्ञान असलेली माणसेही विसरतात.

दाब कमी झाला तर एवढे काय बिघडते? कॉम्प्रेसर ही मोटार आहे, आणि अशा मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. १२० च्या जागी १०० व्होल्ट मिळाले तर जोर शेकडा ८३ उरत नाही. तो सत्तरच्या आसपास येतो. तेवढ्या जोरात मोटार फिरायला लागत नाही. जागच्या जागी अडून ‘घूं’ करीत राहते, भरमसाट प्रवाह ओढते, तापते, आणि मग तिच्या रक्षणाचा खटका ‘टक्’ करून तिला तोडतो. हे पुनःपुन्हा झाले तर मोटार जळते. १०५ व्होल्टच्या खाली दाब गेला तर यंत्र चालवू नये, असा जाणत्यांचा संकेत आहे.

दुपारी दोनला चाललेले यंत्र चारला का अडले, हेही त्यातून उलगडते. चारपर्यंत साऱ्या तळावरची यंत्रे सुरू झाली होती. नळाला पहाटे धार आणि सगळी चाळ जागी झाली की करंगळीएवढे पाणी, तसाच हा प्रकार. म्हणून बिघाड झाला की तो कोणत्या वेळी होतो ते टिपून ठेवावे. सकाळी बरे आणि दुपारी वाईट असेल तर संशय आधी पुरवठ्यावर घ्यावा.

पण आमच्या बाबतीत एवढेच नव्हते. खांबाचा खटका बंद करून म्हातारबुवांनी केबलचा प्लग उपसला. एक पिन काळवंडली होती आणि तिच्या भोवतालचे प्लॅस्टिक मऊ पडले होते. खांबाचे सॉकेट ढिले झाले होते. ढिल्या जोडात अडथळा वाढतो, अडथळ्यात उष्णता होते, उष्णतेने जोड आणखी ढिला होतो. असे हे दुष्टचक्र आगीपर्यंत जाऊ शकते. तळाच्या माणसांनी आम्हाला दुसरा खांब दिला आणि केबलचा प्लग बदलून दिला.

याच ओघात केबलचाही हिशेब सांगून टाकतो. घरगुती बारीक एक्स्टेन्शन वायर जोडून आरव्ही चालवण्याचा मोह पुष्कळांना होतो. सोळा गेजची ५० फूट वायर घ्या. जाणे-येणे धरून १०० फूट तांबे झाले, अडथळा ०.४ ओहम. पंधरा अँपियर वाहताना तिच्यातच ६ व्होल्ट मुरतात. सुरू होताना ६० अँपियर लागले तर २४. खांबावर पुरेपूर दाब असूनही छपरापर्यंत तो उपाशीच पोचतो, आणि वायर तापते ते निराळेच.

खांब झाला, केबल झाली. त्यानंतर गाडीतला खटक्यांचा डबा. येथे एक बारकावा आहे. पडलेला खटका पुष्कळदा अधेमधेच उभा राहतो आणि वरवर चालू असल्यासारखा दिसतो. तो आधी पूर्ण बंद करायचा आणि मग चालू करायचा. पुन्हा लगेच पडला तर तिसऱ्यांदा हट्ट करायचा नाही. तारेचा कुठे तरी गाडीच्या अंगाला स्पर्श झालेला असू शकतो. काही मिनिटांनी पडत असेल तर बोजा जास्त आहे, जोड ढिला आहे, किंवा खटकाच म्हातारा झाला आहे.

यंत्र काय बोलते

नव्या खांबावर ओझ्याखालीही ११४ व्होल्ट मिळाले. यंत्र लावले. वारा सुरू झाला, आणि पुन्हा ‘घूंऽऽ’, पुन्हा ‘टक्’. आता म्हातारबुवा स्वतः शिडीकडे वळले. वाटेवरचे सगळे तपासून झाले होते. संशय घ्यायला छपराखेरीज जागा उरली नव्हती.

यंत्राचे हे आवाज म्हणजे त्याची भाषा आहे. काहीच आवाज नाही, वाराही नाही: तर वीज किंवा हुकूम पोचत नाही. वारा येतो पण कॉम्प्रेसर ‘घूं’ करून थांबतो: तर दाब कमी आहे, किंवा मोटारीला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर निकामी झाला आहे. वारा नाही आणि पंख्याची मोटारच गुणगुणते: तर पंख्याचा कपॅसिटर किंवा मोटार. अशा पुष्कळ यंत्रांत एकाच मोटारीला दोन्ही टोकांना पंखे असतात, एक घरात गार वारा सोडणारा, दुसरा बाहेर उष्णता फेकणारा. ती अडली की दोन्ही कामे अडतात. आणि कॉम्प्रेसर नीट चालतो पण गारवा नाही: तर दोष विजेचा नसून जाळी तुंबली आहे, आत बर्फ साचला आहे किंवा वायू कमी झाला आहे.

आणखी एक. यंत्र बंद करून लगेच पुन्हा चालू करू नये. तीन ते पाच मिनिटे थांबावे. बंद होताच कॉम्प्रेसरच्या एका बाजूला वायूचा दाब जास्त असतो, दुसऱ्या बाजूला कमी. तो सारखा होऊ द्यायचा असतो. घाई केली तर चांगले यंत्रही ‘घूं’ करून अडते आणि आपण नसलेला बिघाड शोधत बसतो.

शब्दांचा घोळ, रंगांचा घोळ

कपॅसिटर म्हणजे काय? आपल्या घरातला छताचा पंखा कधी नुसता गुणगुणतो आणि काठीने ढकलला की फिरू लागतो, तेव्हा वायरमन येऊन एक लहानसा डबा बदलतो आणि म्हणतो, “कंडेन्सर गेला होता.” तोच हा कपॅसिटर. आपल्याकडे कारागिरांच्या तोंडी त्याचे नाव ‘कंडेन्सर’ असे पडले आहे. पण वातानुकूलन यंत्रात कंडेन्सर म्हणून दुसराच भाग असतो. गरम वायूची उष्णता बाहेर टाकणारी ती नळ्यांची जाळी. त्यामुळे आपला माणूस अमेरिकेतल्या कारागिराला फोनवर ‘कंडेन्सर गेलाय’ म्हणाला, तर तो काही डॉलरच्या डब्याऐवजी शेकडो डॉलरच्या जाळीचा विचार करू लागेल. शब्द नेमका वापरावा असे आम्ही वर्गात सांगतो. इथे त्याची किंमत रोख मोजावी लागते.

रंगांचा घोळ तर जिवावर बेतणारा आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काळी तार न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची. अमेरिकेत काळी तार जिवंत असते, पांढरी न्यूट्रल, आणि हिरवी किंवा उघडी तांब्याची तार अर्थिंगची. इकडच्या सवयीने तिकडची काळी तार निर्धास्त हातात धरली तर काय होईल हे सांगायला नको. मेहुण्यांना थांबवले ते किती बरे झाले, हे मला त्या डब्याचे झाकण उघडल्यावर कळले. आत काळ्या तारा होत्या.

हात कुठे थांबवावा

म्हातारबुवांनी खांबाचा खटका पाडला, केबल काढली, मीटरने वीज नसल्याची खात्री केली. आणि तरीही कपॅसिटरला हात लावला नाही. वीज तोडल्यावरही त्याच्यात साठा राहतो, आणि तो झटका मोठा असतो. एका रेझिस्टरमधून तो साठा त्यांनी सावकाश उतरवला, पुन्हा मोजून पाहिले, मगच तारा सोडवल्या. डबा वरून फुगला होता. त्यावर छापलेल्या आकड्याच्या निम्मीही ताकद त्याच्यात उरली नव्हती. गाडी भाड्याने देणाऱ्यांना फोन करून परवानगी घेतली, गावातल्या दुकानातून त्याच मापाचा कपॅसिटर आणला. किंमत तीस डॉलरच्या आत. साडेसात वाजता घर गार झाले आणि आई आत येऊन बसली. “किती पैसे घेतले हो त्यांनी?” हा तिचा पहिला प्रश्न होता. त्यांनी काही घेतले नाही. बहिणीने केलेला शिरा मात्र आनंदाने घेतला.

घरच्या माणसाने कुठपर्यंत जावे याची रेघ मला त्या दिवशी स्पष्ट दिसली. खटके पाहणे, दाबाचा आकडा दाखवणारे छोटे उपकरण सॉकेटमध्ये लावून वाचणे, प्लग गरम लागतो का ते पाहणे, जास्तीची उपकरणे बंद करणे, जाळी धुणे, थांबणे: एवढे आपले. झाकणाच्या आतले सारे जाणकाराचे.

आणि एक खूण अशी, की ती दिसली तर यंत्राचा विचारच सोडून द्यावा. गाडीच्या दाराच्या मुठीला किंवा पत्र्याला हात लावताच मुंग्या आल्या, तर अर्थिंग तुटले आहे आणि गाडीच्या अंगात वीज उतरली आहे. रबरी चाकांमुळे तिला जमिनीत जायला वाट नसते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला माणूस ती वाट होतो. पत्र्याला पुन्हा हात न लावता सरळ खांबाशी जाऊन खटका पाडावा. स्वतःच्या अंगणात आरव्हीसाठी सॉकेट बसवून घेणाऱ्यांनीही जपावे. ३० अँपियरचे ते तीन पिनांचे सॉकेट पाहून काही वायरमन ते कपडे वाळवण्याच्या यंत्राचे समजतात आणि २४० व्होल्ट जोडतात. गाडी लावली की आतली उपकरणे जळतात. ‘१२० व्होल्टच’ हे त्याला आधी सांगावे आणि गाडी लावण्यापूर्वी मोजून घ्यावे.

आपल्या घरी

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. चाकांवरची घरे आपल्या रस्त्यांवरही दिसू लागतील; तेव्हा दाब २३० चा असेल, पण शोधाची वाट तीच राहील. खरे तर चाके लागण्याची वाट पाहायचेही कारण नाही. आपल्या सदनिकेतला एसी मे महिन्यात अडखळतो, तेव्हा आपण आधी कंपनीच्या माणसाला बोलावतो, तो गॅस भरून जातो, आठ दिवसांनी पुन्हा तेच. भिंतीतले सॉकेट तपकिरी पडले आहे काय, प्लग हाताला गरम लागतो काय, संध्याकाळी सगळ्या इमारतीचे एसी लागल्यावरच हे होते काय, हे विचारायला पैसे पडत नाहीत. दिवाळीत एकाच सॉकेटवर दिव्यांच्या चार माळा आणि इस्त्री लटकवणाऱ्या घरांनी तर हे याच आठवड्यात पाहून घ्यावे.

दुखते तिथेच दोष असतो असे आपण धरून चालतो. वैद्यकात ते खरे नाही, संसारात खरे नाही, आणि विजेत तर मुळीच नाही. वीज जिथून येते तिथून, तिच्याच वाटेने, एकेक पायरी तपासत जावे. बहुतेक वेळा शिडीपर्यंत जावेच लागत नाही; आणि लागलेच, तर तोवर तिच्यावर कुणी चढावे हेही कळलेले असते.